टेकडीवर कामाला या, पण रोप घेऊन येऊ नका

गवत्या

जून तोंडावर आला की ओळखीपाळखीच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच विचारणा सुरू होते: यंदा टेकडीवर झाडं लावायला कधी जायचं? मी वेताळ टेकडीच्या पाषाणकडच्या उतारावर रविवारी सकाळी काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहे. गटाला नाव नाही, बॅनर नाही, टी-शर्टही नाहीत. माणसं मात्र हवी आहेत, म्हणून हा धागा. पण आधीच सांगतो, झाडं लावायला माणसं नको आहेत. लावलेली आणि आपली आपण उगवलेली, दोन्ही जगवायला हवी आहेत.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात: वेताळ टेकडी ही शहरातली सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. एका अंगाला कोथरूड आणि पौड रस्ता, दुसऱ्या अंगाला पाषाण, पंचवटी. पूर्वेला लॉ कॉलेजची टेकडी आणि फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी. काही जमीन वनखात्याची, काही महापालिकेची, काही खासगी. २०२३ मध्ये टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध मोर्चा निघाला तेव्हा बातम्यांत बरीच गाजली होती. रस्त्याचा वाद कृपया इथे नको, त्याला वेगळा धागा काढा.

तर जमीन. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम, मुरमावर वीतभर माती, तीही असेल तिथेच. पाऊस वर्षाला ७००-७५० मिलिमीटर, बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा जागी मुळात काय असतं? गवत. कुसळी, पवन्या, मारवेल. आणि त्या गवतात सुटी सुटी उभी झाडं: सालई, मोई, गणेर, पळस, पांगारा, काटेसावर, धावडा, हिवर. फेब्रुवारीत एकही पान नसलेल्या गणेरीवर हातभर अंतरावरून ती पिवळी फुलं बघितली नसतील तर यंदा बघा. हे झाड कुठल्याही वृक्षारोपणात कोणी लावत नाही.

मग आली गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टेकड्या हिरव्या करायच्या मोहिमेत ती ढिगाने लावली गेली. मूळची मध्य अमेरिकेतली. फांदी खोचली तरी येते, पाण्याविना तगते, तोडली तर दुप्पट फुटते. त्या काळच्या हिशेबाने निवड चुकीची नव्हती, धूप तरी थांबली. पण आज तिच्या दाट सावलीत गवत धरत नाही, आणि गवत गेलं की चंडोल गेला, तित्तर गेला, खर्चुडी, भुईआमरी ही पावसाळ्यातली रानफुलंही गेली. लांबून सगळं हिरवंगार दिसतं, त्यामुळे कोणाला काही गेलंय असं वाटतच नाही.

आता आम्ही करतो काय? पहिल्या पावसानंतर जमीन मऊ झाली की घाणेरी काढायची, म्हणजे लँटाना, सगळीकडे माजणारं परदेशी झुडूप. घाणेरी वरून छाटणं म्हणजे तिला खतपाणी घालणं, बुंध्यातून दहा फांद्या येतात. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने जी पद्धत बसवली तीच आम्ही वापरतो. झुडपाच्या बुडाशी बसायचं, भोवतालची माती कुदळीने मोकळी करायची, आणि खोड जिथे मुळाला मिळतं त्याच्या दोन बोटं खाली मुख्य मूळ तोडायचं. फुटवे येतात ते त्या सांध्यातून, खालच्या मुळातून नाही. तोडलेलं झुडूप मुळं आभाळाकडे करून तिथेच उलटं ठेवायचं, म्हणजे परत मातीला टेकून धरत नाही. आख्खं उपटायच्या नादात सगळा उतार खणून ठेवायचा नाही, माती वाहून जाते. आणि शेजारच्या मोठ्या झाडाखाली जरूर बघायचं. बुलबुल घाणेरीची काळी फळं खाऊन त्या फांद्यांवर येऊन बसतात, त्यामुळे पुढच्या वर्षीची घाणेरी तिथेच बोटभर उंचीची उभी असते. ती दोन बोटांनी उपटता येते. हे काम सातवीतल्या मुलांना सगळ्यात आवडतं.

जुलै-ऑगस्टमध्ये गाजर गवत, फुलायच्या आत. मग त्या पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसचा नंबर. हो, तोच, ज्याच्यात बसून सगळे फोटो काढतात. डिसेंबरात वनखात्याच्या माणसांबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा. फेब्रुवारी ते मे पाणी: आधी लावलेल्या रोपांना, खालून कॅन वाहून. काच आणि प्लॅस्टिक बारा महिने.

कंटाळवाणं आहे. फोटोत काही दिसत नाही. यायचं असेल तर खाली लिहा.

---

मुळाकाठची

लेख आवडला, पण खरं सांगू? मला उन्हाळ्यातली टेकडी बघवत नाही. पिवळी, बोडकी. तिथे चार झाडं वाढली तर कोणाचं काय बिघडलं? सावली तरी होईल फिरणाऱ्यांना.

---

टवाळ_पाषाणकर

कॉसमॉसही उपटणार? मग आमच्या वहिनींनी प्रोफाइल फोटो कुठे काढायचा? 😀

---

दादा_कोथरूड

गवत्या, तुमची तळमळ समजते. पण मी या टेकड्या तुमच्या आधीपासून बघतोय. आमच्या लहानपणी इथे खरंच काही नव्हतं. जळणासाठी खुरटं झुडूपही राहत नसे, शेरडं मुळापर्यंत खात. पावसात लाल पाणी लोंढ्याने खाली यायचं. आम्ही कॉलेजात असताना एनएसएसमधून खड्डे खणले, पाण्याच्या घागरी वर नेल्या. आज तुम्ही ज्याला परदेशी म्हणून नाकं मुरडता ती झाडं आमच्या हातची आहेत. ती काढा म्हणणं सोपं आहे.

---

गवत्या

दादाकाका, ती काढा असं मी म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. एका दमात गिरिपुष्प साफ केली तर पहिल्या वळवाला आहे ती मातीही ओढ्यात जाईल, आणि मोकळ्या जागेत पहिली घुसेल ती घाणेरीच. परवानगी मिळेल तिथे विरळणी, तीही थोडी थोडी, आणि मधल्या जागेत मोई-पांगाऱ्याच्या जाड फांद्या रोवायच्या. दोन्ही फांदीवर येतात. तुम्ही घागरी वाहिल्यात म्हणून तर आज तिथे फांदी रोवायला माती आहे. आणि शेरडांबद्दल बोललात ते लाखमोलाचं: टेकडी बोडकी होती ती अति चराई आणि जळणतोडीमुळे. पण गवताळ असणं वेगळं आणि बोडकी असणं वेगळं.

मुळाकाठची, सावली हवी हे रास्त आहे. पायवाटेच्या कडेने, घळीत, ओढ्याकाठी झाडं लावायला जागा आहेच, तिथे मातीही खोल असते. माथ्यावर आणि उतारावर नको इतकंच. तिथे लावलेली रोपं मेपर्यंत बहुतेक जातातच, आणि लावताना खणलेल्या खड्ड्याने होतं ते गवतही मोडतं.

---

पोथीबाज

"इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं" हे आपण शाळेपासून ऐकतो. पश्चिम घाटाच्या माथ्याबद्दल ते खरं असेल. घाटाच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्याबद्दल तसं म्हणता येत नाही. २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या मराठी साहित्यातले आणि लोकगीतांतले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून ते कुठल्या प्रकारच्या रानातले आहेत हे तपासलं, आणि पश्चिम महाराष्ट्रातली ही मोकळी गवताळ रानं किमान ७५० वर्षं जुनी आहेत असं मांडलं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळातही इकडे बाभळी, खैर, पळस आणि गवतच होतं. संतसाहित्याचा परिस्थितिकीसाठी असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आमच्यासारख्या रिकामटेकड्या पोथ्या चाळणाऱ्यांना तेवढीच प्रतिष्ठा.

गवताळ रानाला महसुली दप्तरात "पडीक" म्हणायची पद्धत इंग्रजांची. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक. तो शब्द अजून सातबाऱ्यावर आहे आणि आपल्या डोक्यातही.

---

दादा_कोथरूड

हे नवीन कळलं. तरी घळीत लावायला मी येणार, आधीच सांगून ठेवतो.

---

सिएटलची_सई

इथे वीसेक वर्षं ग्रीन सिएटल पार्टनरशिप म्हणून कार्यक्रम चालतो, शहराच्या पार्कांमधली जंगलं सांभाळायचा. मी आमच्या घराजवळच्या पार्कात शनिवारी जाते. गंमत म्हणजे काम हुबेहूब तुमचंच, झाडं लावणं कमी आणि उपटणं जास्त. शत्रू दोन: इंग्लिश आयव्हीचा वेल आणि हिमालयन ब्लॅकबेरी. (नावावर जाऊ नका, ब्लॅकबेरी मूळची आर्मेनिया-इराणकडची.) आयव्ही झाडावर चढलेली असली तर ती ओढायची नाही, वरची वाळकी फांदी डोक्यात पडते. छातीच्या उंचीवर खोडाभोवती सगळीकडून कापून एक मोकळा पट्टा करायचा, वरची आपोआप वाळते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट त्यांची आखणी. प्रत्येक तुकड्याचे चार टप्पे ठरलेले: उपटणं, लावणं, लावलेलं जगवणं, आणि मग कायमची देखरेख. प्रत्येक पार्कासाठी प्रशिक्षण दिलेला स्वयंसेवक असतो, त्याला फॉरेस्ट स्ट्यूअर्ड म्हणतात. अवजारं, रोपं, परवानग्या शहर बघतं. माणसं जमवणं आणि काम दाखवणं स्ट्यूअर्डकडे. त्यामुळे "कोणाला विचारायचं" हा प्रश्नच येत नाही. पुण्यात तसं काही आहे का?

---

गवत्या

सई, तसं बांधीव काही नाही. व्यक्तीवर अवलंबून. वनरक्षक उत्साही असला की काम सुरळीत, बदली झाली की परत पहिल्यापासून ओळख. तुकडे पाडून टप्पे लिहिण्याची कल्पना उचलतो. आम्ही दर वर्षी जिथे पाय नेतील तिथे घाणेरी काढत आलोय, आणि त्यामुळे जुन्या तुकड्यावर दुसरी फेरी होत नाही हा आमचा खरा प्रश्न आहे.

---

त्वचा_आणि_बरंच_काही

डॉक्टर म्हणून एक सूचना, आणि ही गंभीरपणे घ्या. गाजर गवत उघड्या हाताने उपटू नका. पूर्ण बाह्या, हातमोजे, फुलोरा आलेला असेल तर मास्क. काहींना पहिल्या वर्षी काहीच होत नाही, पण दर वर्षी संपर्क येत राहिला की एके दिवशी मान, पापण्या, कोपराची आतली बाजू लाल होऊन सोलते, आणि मग ते जन्मभर पाठ सोडत नाही. दमा असणाऱ्यांनी हे काम घेऊच नये, त्यांना काच वेचायला द्या. रोप पाच-सहा पानांचं, जमिनीलगत चक्रासारखं पसरलेलं असतानाच काढा. एकदा फुललं की एकेका झाडाला हजारो बिया.

अवांतर: हे गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५ च्या सुमारास, आणि कुठे? पुण्यात. नंतर देशभर गेलं. पुणेकरांनी उपटायला हवंच.

---

टवाळ_पाषाणकर

म्हणजे "पुणे तिथे काय उणे" मध्ये हेही धरायचं.

---

मोरपीस_७

मी रोज सकाळी मोरांना ज्वारी आणि तांदूळ नेते. खाणीकडे पाच-सहा मोर ठरल्या वेळी येतात. यातही काही चूक काढणार का आता?

---

रानवेडी

मोरपीस, रागावू नका, पण हो. मोर किडे, सरडे, गवताचं बी, कोवळे कोंब, प्रसंगी सापाची पिल्लं खातो. ठरल्या जागी दाणे मिळाले की तो त्याच जागी येतो, आणि ती जागा भटक्या कुत्र्यांनाही पाठ होते. टेकडीवर कुत्र्यांना बिस्किटं टाकणारेही आहेतच. एकाच वाटेवर एकीकडे दाणे आणि दुसरीकडे बिस्किटं, मध्ये मोर.

तुम्ही रोज जाताच तर उन्हाळ्यात पाणवठा सांभाळाल का? त्याला रोजचं माणूस लागतं. उथळ हवा, कडेने उतार हवा, मध्ये एखादा दगड टेकवायचा म्हणजे मधमाश्या आणि लहान पक्षी बुडत नाहीत. आठवड्यातून एकदा रिकामा करून काथ्याने घासायचा, नाहीतर डासांची पैदास.

---

मोरपीस_७

मोरांना एकदम बंद करायचं जिवावर येतंय. कमी करत आणते. पाणवठ्याचं बघते, कुठला आहे ते कळवा.

---

कुरणवाला

आमचं गाव खटाव तालुक्यात. गावाकडे कुरण राखायची रीत होती, अजून थोडी आहे. पावसाळाभर जनावर सोडायचं नाही, राखणदार ठेवायचा. बी झडलं की दिवाळीनंतर गवत कापायचं, त्याचा लिलाव व्हायचा, पैसे गावकीला. कापलेल्या कुरणाला आग लागली तरी ती पेट घेत नाही, पायाच्या बोटाएवढीच खुंटं उरलेली असतात. तुमच्या टेकडीवर गवत उभंच वाळतं, म्हणून जळतं. गोठेवाल्यांना कापून का नेऊ देत नाही?

आणि बी झडायच्या आत कापू नका. कुसळीचं बी हातात घेऊन बघा कधी. टोकाला सुईसारखी अणी, मागे लांब कुसळ. तळहातावर ठेवून थुंकीचा थेंब लावा, कुसळ स्वतःभोवती पीळ घ्यायला लागतं. पहिल्या पावसाला असंच फिरत फिरत ते मुरमात रुततं. आपल्या मोज्यात घुसतं तेही तसंच. त्याला पेरावं लागत नाही, फक्त त्याच्या वाटेत यायचं नाही.

---

गवत्या

कुरणवाला, शंभर टक्के. वनजमिनीवर कापणीला परवानगी लागते, यंदा आम्ही अर्ज लिहितोय. तुमच्या गावची रीत त्यात उदाहरण म्हणून घातली तर चालेल ना? गावाचं नाव घालत नाही.

आगीचा विषय निघालाच आहे तर: बहुतेक आगी लावलेल्या किंवा निष्काळजीपणाच्या असतात. सिगारेट, पार्टीची शेकोटी, पालापाचोळा पेटवणं, कोणाला तरी वाटणं की जाळलं की गवत चांगलं येतं. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. दिसली तर आधी फोन: १०१ अग्निशमन दल, १९२६ वनखात्याची हेल्पलाइन. व्हिडिओ नंतर. विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे घाला, पॉलिएस्टरचा ट्रॅकसूट अंगाला चिकटतो. आग चढावर धावते, त्यामुळे तिच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या बाजूने, कडेकडेने, ओल्या फांदीने दाबत यायचं, आपटत नाही, आपटलं की ठिणग्या उडतात. ज्वाळा कमरेच्या वर गेली की मागे फिरायचं. आणि विझल्यावर अर्धा तास थांबायचं, वाळक्या खोडात आत निखारा असतो.

---

नियमावली

कायद्याचा मुद्दा मांडून ठेवतो, नाहीतर उत्साहात कोणीतरी अडकेल. झाड परदेशी असो की देशी, नागरी हद्दीत ते तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वनजमीन असेल तर वनखात्याची, आणि तिथे रोप लावायलाही. "आम्ही चांगलंच काम करतोय" हे उत्तर चालत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

---

मीही_येते

झाडाखाली देवांचे जुने फोटो ठेवलेले असतात त्याचं काय करता? आमच्याकडच्या पिंपळाखाली फुटलेल्या काचांचा ढीग आहे. हात लावला तर लोक अंगावर येतात.

---

गवत्या

नाजूक काम आहे, ते आम्ही आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकूंवर सोपवलंय. त्या आधी नमस्कार करतात, मग फ्रेम उघडतात. काच वेगळी, चौकट वेगळी, खिळे डबीत. चित्राचा कागद पाण्यात भिजवून लगदा करून घरच्या कुंडीत. कोणी विचारलं तर त्या म्हणतात, "देवाला काचांत ठेवायचं का?" पुढे कोणी बोलत नाही. पाटी लावून काही झालं नव्हतं.

---

मुळाकाठची

इतकं वाचल्यावर यावंसं वाटतंय. रोप आणू नका म्हणालात, मग आणायचं काय? आणि बीजगोळे? आमच्या सोसायटीत मुलांनी पोतंभर केलेत.

---

गवत्या

बीजगोळे उतारावर भिरकावू नका. बहुतेक मुंग्या आणि उंदरांच्या पोटात जातात, जे उगवतात ते नेमके नको तिथे. आत कुठलं बी आहे ते आधी सांगा. बहावा, करंज असेल तर कुंडीत लावून दोन पावसाळे मुलांनाच सांभाळू द्या, कंबरेएवढं झालं की घळीत लावू. दादाकाका खड्डा दाखवतील.

बाकी: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट (सँडल नको, घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत), जाड हातमोजे, स्वतःचं पाणी. कुदळी आमच्याकडे आहेत, विळे कमी आहेत, असतील तर आणा. पाऊस पडेपर्यंत काच वेचणं आणि पाणी घालणं एवढंच. माथ्यावरच्या उघड्या मुरमावर चालताना खाली बघा, टिटवीची अंडी असतात, घरटं नसतं, नुसती चार खडे मांडल्यासारखी. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की आहात तिथे थांबा आणि आल्या पावली मागे या.

सकाळी साडेसहा, पाषाणकडच्या वाटेवरचा पाणवठा. मोरपीस, तोच तुमचा.

---

टवाळ_पाषाणकर

दोन विळे आणतो. साडेसहाचं मात्र सात करा.

---

गवत्या

साडेसहाच.